दूर्वा, अक्षता आणि डोंगरगांवचा महाकाय

घरांतील मुलांनीं संगणकावर कोणते खेळ खेळावे आणि किती वेळ खेळावे, हा प्रश्न आज बहुतेक प्रत्येक कुटुंबांत आहे. त्यांतही एका विशिष्ट खेळाविषयीं अनेक गृहस्थांनीं व गृहिणींनीं आमचें मत विचारलें असल्यामुळें, या महिन्याचें पान त्यालाच देण्याचें आम्हीं योजिलें आहे. खेळ आहे प्राणिसंग्रहालय चालविण्याचा. मात्र त्यांतील प्राणी वाघसिंह नसून कोट्यवधि वर्षांपूर्वीं नामशेष झालेले डायनासोर आहेत. ‘ज्युरासिक वर्ल्ड एव्होल्यूशन’ हें त्याचें नांव. इंग्लंडांत केंब्रिज येथील फ्राँटियर डेव्हलपमेंट्स या कंपनीनें तो २०१८ सालीं प्रसिद्ध केला व २०२१ सालीं त्याचा दुसरा भाग काढला.

ज्यांनीं तो पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. खेळणाऱ्यास एक मोकळें रान मिळतें. तेथें त्यानें कुंपण घालावयाचें, तळें करावयाचें, वीज आणावयाची, प्रेक्षकांसाठीं रस्ते बांधावयाचे आणि मग जनावरें आणून ठेवावयाचीं. जनावर मिळविण्याची रीतहि ठरलेली आहे : माणसें दूरदेशीं पाठवून दगड झालेलीं हाडें खणून आणावयाचीं आणि त्यांतून त्या प्राण्याचें बीज सिद्ध करावयाचें. शाकाहारी प्राण्यांच्या बाबतींत दुसऱ्या भागांत बराच काटेकोरपणा पाळला आहे. कोणास जमिनीलगतचा पाला लागतो, कोणास उंच झाडाचा. कोणास फळें हवीं, कोणास चिवट धाग्याच्या वनस्पति. ज्याचें अन्न त्यास न मिळालें, तर तो प्राणी अस्वस्थ होतो व शेवटीं कुंपण मोडून बाहेर पडतो. दावणीला जनावर बांधण्यापूर्वीं वैरणीची सोय पाहावी, हें आपल्या वाडवडिलांचें गोठ्यांतील शहाणपण होतें. ज्या मुलांनीं गोठा पाहिला नाहीं त्यांस तें या मार्गानें शिकावयास मिळत असेल, तर या खेळावर सरसकट बहिष्कार घालावा असें आम्हांस वाटत नाहीं. वेळेचें बंधन मात्र हवेंच.

परंतु खेळूं द्यावें कीं न द्यावें, एवढ्यावरच वडीलधाऱ्यांचें कर्तव्य संपत नाहीं. मुलाशेजारीं घटकाभर बसावें आणि त्याच्या पुढ्यांतील चित्र नीट पाहावें. त्या रानांत बहुतेक सर्वत्र हिरवेंगार गवत पसरलेलें दिसेल. त्या गवतावरून ब्राकिओसॉरस नांवाचा उंच मानेचा एक प्रचंड शाकाहारी प्राणी संथपणें चालत असेल. अशा वेळीं मुलास सहज विचारावें, ‘बाळ, याच्या काळीं गवत होतें का रे?’ मूल थबकेल. कारण जमीन म्हटली कीं तिच्यावर गवत असावयाचेंच, हें आपण सर्वच गृहीत धरून चालतों. चित्र काढणाराहि तसेंच धरून चालला.

ब्राकिओसॉरसचीं पहिलीं हाडें १९०० सालीं अमेरिकेंतील कोलोराडो प्रांतांत सांपडलीं व त्याचें नामकरण १९०३ सालीं झालें. तो प्राणी सुमारें १५ कोटि वर्षांपूर्वींचा. तितक्या जुन्या खडकांत गवताचा मागमूस लागलेला नाहीं. नेचे आणि सूचिपर्णी वृक्ष यांची ती सृष्टि होती. तेव्हां खेळांतील त्या प्राण्याच्या पायांखालचें गवत केवळ शोभेचें आहे. मग ज्याच्या पायांखालीं गवत शोभण्यासाठीं नव्हे तर खरोखरच होतें, असा कोणी महाकाय शाकाहारी डायनासोर होऊन गेला काय? होऊन गेला, आणि त्यासाठीं अमेरिकेस जाण्याचें कारण नाहीं. तो आपल्या महाराष्ट्रांतला आहे.

चंद्रपूर जिल्ह्यांत, म्हणजे जुन्या मंडळींच्या तोंडच्या चांद्याकडे, वरोरा हें तालुक्याचें गांव आहे. बाबा आमटे यांचें आनंदवन त्याच गांवालगत असल्यामुळें तें नांव बहुतेकांस परिचित असेल. त्या तालुक्यांत डोंगरगांव व पिसदुरा हीं दोन खेडीं आहेत. डोंगरगांवच्या टेकडींत कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे संशोधक जैन व बंद्योपाध्याय यांनीं १९८४ ते १९८६ या काळांत उत्खनन केलें आणि एका प्रचंड प्राण्याचा बराचसा सांगाडा बाहेर काढला. संख्याशास्त्राच्या संस्थेंत हाडांचें काय काम, असें कोणी विचारील. परंतु तिचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांची दृष्टि विशाल होती व संस्थेंत भूगर्भशास्त्राचाहि विभाग निघाला होता. १९९७ सालीं त्या संशोधकांनीं या प्राण्याचें वर्णन प्रसिद्ध करून एडविन कोल्बर्ट या अमेरिकन पंडिताच्या सन्मानार्थ त्यास ‘टायटॅनोसॉरस कोल्बर्टी’ असें नांव दिलें. पुढें २००३ सालीं विल्सन व अपचर्च या दोघां अभ्यासकांनीं हा प्राणी स्वतंत्र कुळीचा आहे असें ठरविलें, आणि सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याचें ‘इसिसॉरस’ असें नवें नामकरण केलें. त्याच्या एकट्या दंडाच्या हाडाची लांबी १४८ सेंटिमीटर, म्हणजे पांच फुटांस किंचित् कमी आहे. नाकापासून शेपटीच्या टोंकापर्यंत तो सुमारें १८ मीटर असावा, असा अंदाज करण्यांत आला आहे.

मात्र या सांगाड्यांत कवटी मिळाली नाहीं. कवटी नाहीं म्हणजे दांत नाहींत. आणि दांत नाहींत म्हणजे प्राणी काय खात होता हें सांगणारा मुख्य साक्षीदारच नाहीं. अशा वेळीं शास्त्रज्ञांच्या मदतीस जी वस्तु आली तिचें नांव ऐकून आमच्या कांहीं वाचकभगिनी नाकाला पदर लावतील. परंतु ज्या घरांत कालपरवांपर्यंत गोमयानें सारवल्यावांचून शुभकार्य होत नव्हतें, तेथें तिचा संकोच कशास? ती वस्तु म्हणजे शेण. पिसदुऱ्याच्या शिवारांत त्या काळच्या प्राण्यांच्या शेणाचे गोळे दगड होऊन राहिले आहेत. त्या परिसरांतील अश्म एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनीं प्रथम गोळा केले. नागपूरचें हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नांवाचें. शेणाच्या या गोळ्यांवर मॅटले नांवाच्या भूगर्भशास्त्रज्ञानें १९३९ सालीं स्वतंत्र लेख लिहिला होता. पण त्यांच्या पोटांतील खरी वार्ता बाहेर यावयास आणखी पांच तपांच्या वर काळ जावा लागला.

ती वार्ता कशी वाचली गेली, हें मुलांस समजावून देण्यासारखें आहे. आपल्या नगर जिल्ह्यांत उसाचें पातें हातास चिरून जातें हें प्रत्येकास माहीत आहे. हिरवें कोवळें पातें सुरीसारखें कां कापतें? गवतवर्गांतील वनस्पति जमिनींतील पाण्याबरोबर गारेचा अंश, म्हणजे सिलिका, शोषून घेतात व आपल्या पेशींत सांठवितात. पेशीच्या सांच्यांत तो अंश घट्ट होऊन सूक्ष्म खड्यांचा आकार घेतो. भाताचें तूस जाळल्यावर उरणाऱ्या राखेंत बहुतेक भाग याच सिलिकेचा असतो. पान कुजतें, जनावराच्या पोटांत पचतें, माती होतें. पण हे खडे कुजत नाहींत आणि पचतहि नाहींत. शिवाय वनस्पतीच्या निरनिराळ्या कुळांत या खड्यांचे आकार निरनिराळे असतात. खड्याचा आकार ओळखतां आला कीं मूळ वनस्पतीचें कुळ सांगतां येतें. इंग्रजींत यांस फायटोलिथ म्हणतात. आपण ‘वनस्पतिखडे’ म्हणूं या.

लखनौच्या बिरबल साहनी संस्थेंतील वंदना प्रसाद, तसेंच कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलिमोहम्मदियन व अशोक साहनी या चौघांनीं पिसदुऱ्याच्या शेणांतील असे वनस्पतिखडे सूक्ष्मदर्शकाखालीं तपासले आणि आपले निष्कर्ष २००५ च्या नोव्हेंबरांत ‘सायन्स’ या नियतकालिकांत प्रसिद्ध केले. त्यांत सूचिपर्णी वृक्ष, ताडमाड व इतर झाडें यांचे अवशेष होतेच. पण त्यांच्या जोडीला निदान पांच प्रकारच्या गवतांचे खडे मिळाले. तोंवर सर्वसाधारण समजूत अशी होती कीं, गवत हें डायनासोर नाहींसे झाल्यानंतर भरभराटीस आलें. वरोऱ्याजवळच्या शेतांतील शेणानें ती समजूत मोडली. साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच गवताच्या अनेक शाखा फुटलेल्या होत्या आणि महाकाय प्राणी ते गवत थोडेंबहुत खातहि होते. पुढें २०११ सालीं याच शेणांतील खड्यांच्या आधारें असें दाखविण्यांत आलें कीं, भाताचा गोत्रसमूहहि तेव्हां अस्तित्वांत आला होता. २०१८ सालीं चीनमधील एका डायनासोरच्या दांतांवर १० कोटि वर्षांहून जुन्या गवताचे अंश सांपडल्याचें प्रसिद्ध झालें. पहिलें दार मात्र पिसदुऱ्यानें उघडलें होतें.

आपल्या घरांत बसून याचा अर्थ पाहूं. गणपतीस वाहावयाची दूर्वा हें गवत. श्राद्धांतील दर्भ हें गवत. अक्षतांचा तांदूळ, सणाच्या पोळीचा गहूं, रोजची बाजरी व ज्वारी, देवाच्या नैवेद्याच्या साखरेचा ऊस, इतकेंच काय पण मुंजीच्या मांडवाचा वेळू, हीं सर्व एकाच तृणकुळांतील आहेत. जन्मापासून उत्तरकार्यापर्यंत ज्या कुळावांचून आपलें पान हालत नाहीं, त्याचें प्राचीनत्व एका मुक्या जनावराच्या शेणानें जगास सिद्ध करून दाखविलें, आणि तें जनावर महाराष्ट्राच्या भूमीवर चरत होतें. हें ज्या मुलास कळलें, त्यास पूजेच्या तबकांतील दूर्वांची जुडी पुन्हां पूर्वीसारखी क्षुद्र वाटणार नाहीं.

येथें दोन इशारे देणें आम्ही आवश्यक समजतों. पहिला असा कीं, जें सिद्ध झालें त्याहून अधिक बोलूं नये. ते शेण ज्या थरांत मिळालें त्याच थरांत टायटॅनोसॉर कुळींतील मोठ्या प्राण्यांचीं हाडें मिळतात, म्हणून तें बहुधा त्यांचें असें विद्वान् मानतात. डोंगरगांवचा इसिसॉरस त्याच कुळींतला व त्याच भागांतला असल्यामुळें त्याच्या आहाराविषयीं त्यावरून बोलतां येतें, इतकेंच. शिवाय गवत हा त्या आहाराचा लहानसा भाग होता. मुख्य भाग झाडांच्या पाल्याचा होता. शेणांत पानांवर पडणाऱ्या बुरशीचेहि अवशेष मिळाले आहेत, त्यांवरूनहि नाना वृक्षांचा पाला त्या पोटांत जात होता हें दिसतें. दुसरा इशारा आमच्याच वर्गांतील कांहीं उत्साही मंडळींस आहे. असें एखादें हाड निघालें कीं त्यास पुराणांतील असुरांचें हाड ठरविण्याचा मोह होतो. हे प्राणी साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं गेले. आपली मनुष्यजाति आहे सुमारें तीन लक्ष वर्षांची. त्यांस कोणी मनुष्यानें पाहिलें नाहीं, कोणी ऋषीनें वर्णिलें नाहीं. पुराणांची थोरवी अशा कुबड्यांवर उभी नाहीं.

आपल्या पूर्वजांचा अभिमान येथें धरावयाचाच असेल तर तो त्यांच्या तर्कपद्धतीचा धरावा. न्यायशास्त्रांत कार्यावरून कारणाचें जें अनुमान करितात त्यास ‘शेषवत्’ म्हणतात, आणि पुराच्या पाण्यानें भरलेल्या नदीवरून वरच्या अंगास झालेल्या पावसाचें अनुमान हें त्याचें प्रसिद्ध उदाहरण आहे. नगरकरांस यासाठीं पोथी उघडावयास नको. येथें थेंब नसतां सीना दुथडी भरून आली तर वर कोठेंतरी पाऊस झाला, हें लहान मूलहि सांगतें. शेणांतील खड्यावरून पोटांतील गवत आणि त्या गवतावरून त्या काळचें रान, ही चढण त्याच शेषवत् अनुमानाची आहे. आमच्या मतें नातवंडांस न्यायशास्त्राचा पहिला पाठ देण्यास याहून सोपें उदाहरण मिळणें कठीण.

आतां भिंगारचीं मुलें विचारतील, ‘आजोबा, मग आपल्याकडे हाडें कां नाहीं सांपडत?’ त्याचें उत्तर आपल्या पायांखालींच आहे. येथें विहीर खणूं लागलें कीं मातीखालीं काळा कातळ लागतो. आपण ज्यास चांदबिबीचा महाल म्हणतों ती डोंगरावरील सलाबतखानाची कबरहि याच दगडाच्या मुलखांत उभी आहे. हा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वींच्या काळांत जमिनीस भेगा पडून तो थरांवर थर असा वाहिला आणि आजहि त्यानें सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. नगर जिल्हा जवळजवळ सर्वच या लाव्ह्याच्या पोटांत आहे. त्याखालीं काय गाडलें गेलें असेल तें आपल्या नांगरास किंवा कुदळीस लागावयाचें नाहीं. चांद्याकडे या लाव्ह्याची पूर्वेकडील किनार येते. तेथें थर पातळ होऊन विरतो, आणि त्याखालचे जुने गाळाचे खडक उघडे पडतात. त्या खडकांत इसिसॉरस सांपडला. थोडक्यांत, एकाच काळाच्या ग्रंथाचें झांकण आपल्या वांट्यास आलें आहे आणि उघडें पान वरोऱ्याच्या वांट्यास.

खेळाच्या एका उणीवेकडे मुलांचें लक्ष वेधणें आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें. त्यांत माणसें खणावयास गेलीं कीं थोड्याच वेळांत हाडें हजर होतात व लगेच जनावर उभें राहतें. डोंगरगांवीं १९८४ सालीं कुदळ पडली. वर्णन छापलें गेलें १९९७ सालीं. आजचें नांव ठरलें २००३ सालीं. एकोणीस वर्षें. शेणाची कथा तर याहून लांबलचक. हिस्लॉप साहेबांपासून २००५ पर्यंत जवळजवळ दीडशें वर्षें ते गोळे ‘आहेत’ एवढेंच लोकांस ठाऊक होतें. ज्ञानास लागणारा हा काळ खेळांतून वगळला जातो, कारण खेळणाऱ्यास कंटाळा येऊं नये. पण मुलाच्या मनांत विद्येविषयीं अशी कल्पना रुजली कीं ती बटण दाबतांच मिळते, तर पुढें पहिल्याच कठीण धड्यापाशीं तें पुस्तक मिटेल. अडचण खरी ती ही आहे. डोळ्यांचा शीण हा त्यामागून येतो.

आणि केवळ काळच लागतो असें नाहीं, काळजीहि लागते. १८२८ सालीं जबलपूर येथें स्लीमन या अधिकाऱ्यास, ज्यानें ठगांचा बंदोबस्त केला त्यासच, आशियांतील डायनासोरचीं पहिलीं ज्ञात हाडें मिळालीं. ‘डायनासोर’ हा शब्दच मुळीं १८४२ सालचा, म्हणजे हाडें शब्दाच्या आधींचीं. त्यांवरून १८७७ सालीं ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हें नांव पडलें. पुढें तें मूळ हाडच हरवलें असें समजलें जाऊं लागलें, आणि २०१२ सालीं तें कलकत्त्यास संग्रहांत पुन्हां सांपडलें. कपाटांत ठेवलेल्या वस्तूची ही गत. मग उघड्या शिवारांतील गोळ्यांची काय कथा? पाहणारास तो साधा धोंडा दिसतो. कोणी तो कौतुकानें उचलून दिवाणखान्यांत मांडतो, आणि तो कोणत्या थरांतून आला हा पत्ता त्याच क्षणीं पुसला जातो. ठिकाण हरवलेला अश्म हा ज्याचें पान फाटलें आहे अशा दस्तऐवजासारखा होय. शाई राहते, पुरावा राहत नाहीं. अशा ठेव्यांच्या रक्षणासाठीं कायद्याचा एक मसुदा केंद्र सरकारनें २०२२ च्या डिसेंबरांत लोकांच्या सूचनांसाठीं प्रसिद्ध केला होता. पण कायदा येवो न येवो, ‘उचलूं नये, जागा टिपून ठेवावी, जाणत्यास कळवावें’ हा नियम घरांत लावण्यास कोणाच्याहि सहीची गरज नाहीं.

तेव्हां आम्हांस विचारणाऱ्या आईबापांस व आजीआजोबांस आमचें सांगणें असें : खेळ बंद करूं नका, त्यास घडी बांधून द्या, आणि त्या घडीपैकीं थोडा वेळ स्वतः शेजारीं बसा. मुलास म्हणावें, ‘आज तुझ्या रानांत आपल्या डोंगरगांवच्या प्राण्याची सोय कर पाहूं.’ खेळाच्या यादींत तो नसेल तर कागदावर करावें. कुंपण किती उंच, तळें कोठें, कोणतीं झाडें, ताडमाड किती आणि गवत किती, हें त्यानें ठरवावें, आणि प्रत्येक गोष्टीपुढें ‘कशावरून?’ हा आपण प्रश्न घालावा. ज्याचें उत्तर पुराव्यानें देतां येईल तेवढें ठेवावें. बाकीचें खोडरबरानें पुसावें. सुटीच्या दिवसांत विदर्भाकडे जाणें झालें तर आनंदवन पाहावें, आणि तेथून डोंगरगांव-पिसदुऱ्याच्या बाजूस मुलांस एकदां घेऊन जावें. तेथें उंच मानेचा प्राणी दिसणार नाहीं. काळीभोर शेतें, टेकडी आणि वाऱ्यानें हलणारें गवत दिसेल. त्या गवताकडे बोट दाखवून, हें येथें केव्हांपासून आहे, असें मुलासच विचारावें.